कौसाबाईचं पीठ

डाळ मिलवाल्याच्या घरात डाळ चालत नाही, ही गोष्ट लातुरात लपून राहणं शक्यच नव्हतं. शिवराज बिराजदारांच्या मिलमधून रोज ट्रक भरभरून हरभऱ्याची डाळ बाहेर पडायची, आणि त्यांच्या चार वर्षांच्या लेकीच्या, रावीच्या, पोटात त्या डाळीचा कण जरी गेला तरी दवाखाना गाठावा लागायचा. लोक म्हणायचे, दिव्याखाली अंधार. लोकांना काय, म्हण सापडली की त्यांचं काम झालं. मी त्या मुलीची ॲलर्जीची डॉक्टर होते, आणि म्हण काही औषध म्हणून लिहून देता येत नाही.

रावीला पहिला झटका आला तो येळवसेला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमचं अख्खं शहर कुलूप लावून शेतात जातं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पूजा होते, मग आंबील आणि भज्जी. भाज्या, ओले दाणे आणि बेसन एकत्र शिजवलेली ही भज्जी खाल्ली नाही तो लातूरकर नव्हे. रावी तेव्हा चौदा महिन्यांची होती. आजीने कौतुकाने बोटभर भज्जी तिच्या तोंडात घातली. पाच मिनिटांत अंगावर गांधी उठल्या.

"पित्त उठलंय," आजी म्हणाली. अंगावर गांधी उठल्या की ते पित्तच, हे मराठी माणसाला शाळेत न जाताही ठाऊक असतं. आमसुलाचं पाणी चोळलं, घोंगड्यात गुंडाळलं. पंधरा मिनिटं अशी गेली. मग ओठ सुजले, आवाज बसला आणि पोर निळी पडायला लागली. गाव शेतात गेलेलं होतं म्हणून रस्ता रिकामा मिळाला आणि गाडी सुसाट आली. नाहीतर पुढचं काही सांगायला उरलंच नसतं.

त्या दिवशी रावी शुद्धीवर आल्यावर शिवराजनी मला विचारलं होतं, "डॉक्टर, बेसन बाधलं हे कळलं, पर तिला ते बाधाय कशामुळं लागलं?"

मी घाईत होते. म्हटलं, "सांगता येत नाही. मिलची धूळ हेही एक कारण असू शकतं."

असू शकतं. डॉक्टर लोक हे दोन शब्द दिवसातून शंभरदा उच्चारतात आणि विसरून जातात. शिवराज विसरले नाहीत. त्यांनी मिलमध्येच एक खोली घेतली, तिथेच राहू लागले. रविवारी घरी यायचे ते दोनदा अंघोळ करून, नवे कपडे घालून, आणि तरीही लेकीपासून चार हात लांब खुर्चीत बसायचे. रावीने हात पसरले की उठून गॅलरीत जायचे. हे असं जवळजवळ तीन वर्षं चाललं होतं. मला त्याचा पत्ताही नव्हता.

मग आमच्याकडे चित्रगुप्त आला.

यंत्राचं खरं नाव लांबलचक आहे, आकडे-बिकडे असलेलं. पण माणसाच्या आत काय काय गेलं, कधी गेलं आणि कुठून गेलं याचा हिशेब ठेवणाऱ्याला आपल्याकडे दुसरं नाव देतात का? पहिल्याच आठवड्यात सगळा दवाखाना त्याला चित्रगुप्त म्हणू लागला.

तो काय करतो ते थोडक्यात सांगते. शरीराला आठवण असते. रक्तातल्या काही पेशींचं कामच ते: बाहेरची वस्तू पहिल्यांदा भेटली की तिची ओळख लक्षात ठेवायची, म्हणजे पुन्हा आली तर काय करायचं ते ठरलेलं असतं. गंमत अशी की शरीर वस्तूपेक्षा तिच्या येण्याच्या वाटेकडे जास्त बघतं. जे तान्हेपणी तोंडावाटे आतड्यात गेलं, त्याला शरीर बहुधा आपलं मानतं. तेच जर फुटलेल्या, इसब झालेल्या कातडीतून आत शिरलं, तर शरीर त्याच्यावर तुटून पडतं. दारातून आला तो पाहुणा, भिंत फोडून आला तो चोर. माणूस तोच असला तरी.

हे तत्त्व डॉक्टरांना वीस-पंचवीस वर्षं माहीत होतं. पण अमुक एका मुलाच्या बाबतीत वस्तू नेमकी कुठून शिरली, हे सांगायची सोय नव्हती. चित्रगुप्ताने ती केली. आठवण ठेवणारी पेशी ज्या जागी शिकते, कातडीत, आतड्यात की फुप्फुसात, त्या जागेची एक पुसट रासायनिक खूण तिच्यात राहून जाते. पुढे ती रक्तातून कुठेही भटको. शिवाय अशा पेशीच्या नकला होत जातात आणि दर नकलेत बारीक बदल साठतात. ते मोजले की शिकवणी किती जुनी तेही कळतं. चमचाभर रक्त आणि अर्धा दिवस, एवढं त्याला पुरतं.

एका गुरुवारी रावीचा अहवाल आला.

हरभरा. पहिली ओळख: वय सहा आठवडे ते तीन महिने. दार: त्वचा. श्वास: खूण नाही. खात्री: सत्त्याण्णव टक्के.

मी तो दोनदा वाचला आणि पाणी प्यायले. रावीची आई मेघना हिचं माहेर लातुरातच, औशाच्या रस्त्याला. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे रावीचे पहिले तीन महिने तिथेच गेले. त्या काळात शिवराज त्या घरात मोजून चार वेळा गेले असतील. मिलची धूळ त्या घरापर्यंत पोचायचं कारणच नव्हतं. पण तिथल्या न्हाणीत एक बाई रोज सकाळी सात वाजता जात होती. इसबाने फुटलेल्या रावीच्या कातडीला ती हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, साय आणि हळद चोळत होती.

ती बाई म्हणजे माझी माय.

कौसाबाई म्हटलं की लातुरातली कुठलीही बाळंतीण वळून बघते. चाळीस वर्षं मायने दुसऱ्यांची लेकरं न्हाऊ घातली. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, लेकरू नडगीवर पालथं घ्यायचं आणि पिठाचा हात फिरवायचा. त्या दोन पायांवर किती लेकरं वाढली ते तीच जाणे. माझं शिक्षण मात्र नक्की त्याच पायांवर उभं राहिलं. पीठ ती कुणाच्या घरचं वापरायची नाही. डाळ स्वतः निवडायची, दळून आणायची, वस्त्रगाळ करायची. "दुकानातला साबण म्हंजे नुसता फेस," म्हणायची. स्वच्छतेची तर एवढी कडक की मी लहान असताना जेवायला बसण्याआधी रोज दोन्ही हात तिच्यापुढे धरावे लागायचे. "दाखव हात. उताणे. आता पालथे." तिने मान हलवली की ताट मिळायचं.

आणि मेघना आता सात महिन्यांची गरोदर होती. दुसऱ्या बाळासाठी तिने मायला आधीच सांगून ठेवलं होतं. माय दिवाळीपासून त्या बाळाची वाट बघत होती.

मी संगणकापुढे बसले. अहवालाची प्रत पालकांना जायची होती. मी त्वचा हा शब्द खोडला आणि तिथे लिहिलं: अनिश्चित. सत्त्याण्णव टक्केही काढून टाकलं. पंचवीस वर्षांच्या डॉक्टरकीत मी असं कधी केलं नव्हतं, आणि ते करायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही, याचीच मला जास्त लाज वाटते. मनाशी म्हटलं, मायला काहीतरी निमित्त काढून पीठ बंद करायला लावीन, नव्या बाळाला धोका राहणार नाही, मग दार कोणतं हे कळून कुणाचं काय भलं होणार आहे?

कुणाचं भलं होणार होतं ते शनिवारी कळलं. शिवराज एकटेच आले. केस ओले होते. माझ्यासमोरच्या खुर्चीत न बसता दाराजवळच्या बाकड्यावर बसले.

"मॅडम, कागदावर अनिश्चित लिवलंय," ते म्हणाले. "म्हंजे धूळ असू शकतीय, असंच न्हवं?"

"तुम्ही एवढ्या लांब का बसलात?"

"सवय झालीय." ते हसले. मग सगळं सांगितलं. मिलमधली खोली, रविवारची खुर्ची, गॅलरी. "दुसरं लेकरू येऊलालंय. त्याच्याबी बाबतीत असंच व्हायला नको. मी मिल धाकट्या भावाला देऊन टाकूलालो. फक्त तुमचं यंत्र एकदा सांगंल म्हणून थांबलो होतो. रावी मला काय म्हणती म्हाईत हाय का? रविवारचे पप्पा."

खोटं मी गुरुवारीच बोलून झाले होते. आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि तेच जास्त अवघड होतं. "अजून एक तपासणी करू," असं काहीतरी पुटपुटले. ते उठले, नमस्कार केला आणि जाताना दाराची कडी रुमालाने पुसून गेले, माझ्या पेशंटांसाठी.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा माय ओसरीवर सूप मांडीवर घेऊन डाळ निवडत होती. बिराजदारांच्या बाळासाठी. एकेक खडा वेचून बाजूला टाकत होती. मी चपला न काढताच तिच्यासमोर बसले.

"माय, मी तान्ही असताना मला कशानं न्हाऊ घालायचीस?"

"पाण्यानं," माय म्हणाली. "आन् कशानं?"

"पीठ लावायचीस?"

ती हसली. "पीठ? भूकंपाच्या दुसऱ्या साली झालीस तू. पत्र्याच्या शेडात. मदतीचं पोतं यायचं, त्यात मूठमूठ डाळ, तीबी किडकी. अंगाला लावाय पीठ कुठलं वं? खायलाच पुरंना. मला दूध यीना म्हून चौथ्या म्हयन्यातच तुला डाळीचं पाणी पाजलं. शिबिरातला डाक्टर लई वरडला माज्यावर. जगलीस की."

चित्रगुप्त नवा आला तेव्हा यंत्र पारखायला आम्ही सगळ्यांनी आपापलं रक्त त्याला दिलं होतं. माझं उत्तर मला पाठ होतं. हरभरा: पहिली ओळख, वय चार महिने. दार: तोंड. तेव्हा मला त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं. यंत्राने माझ्या आईची उपासमार महिन्यासकट बरोबर सांगितली होती, आणि त्याच उपासमारीने मला वाचवलं होतं. ज्यांच्या घरी अंगाला चोळण्याइतकं पीठ होतं त्यांची लेकरं अडचणीत आली.

मायचे हात थांबले. "असं का इचारलीस?"

"सहज."

"चपला घालून ओसरीवर बसलीस, आन् म्हणं सहज." तिने सूप खाली ठेवलं. "बिराजदाराच्या पोरीचं काय निघालं? बापाच्या धुळीनं झालं का?"

"नाही."

"मंग?"

मला सांगावं लागलंच नाही. तिने सुपातल्या डाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्या दिशी जेवताना तूच सांगितलीस की. भिंत फोडून आला त्यो चोर." मग म्हणाली, "त्या लेकराची कातडी लई फुटली व्हती. गुडघ्याच्या मागं, कोपरात, गालावर. मी म्हणलं, साय-पिठानं मऊ पडंल. दुसऱ्या लेकरापरास जरा जास्तच चोळलं तिला."

"रडायची?"

"लई."

"माय, तुला काय माहीत होतं? तुझ्या आईने तुला शिकवलं, तसं तू केलंस. कुणालाच माहीत नव्हतं."

"तुला व्हतं," माय म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "डाक्टर व्हऊन पंचवीस वर्सं झाली तुला. रोज तुज्यासमोर पीठ चाळत बसते मी. तू त्येच पीठ वलांडून दवाखान्यात जातीस. येकदाबी म्हणली न्हाईस, माय, हे कुणाच्या अंगाला लावूलालीस?"

खरं होतं. परिषदांमध्ये मी त्वचेच्या दारावर भाषणं दिली होती. परदेशातल्या साबणांची, क्रीमांची उदाहरणं दिली होती. ओसरीवरची चाळण मला कधी दिसलीच नाही, कारण ती मायची होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो बिराजदारांच्या घरात नव्हता, माझ्या घरात होता.

"कागदावर काय लिवलीस मंग?" तिने विचारलं.

"अनिश्चित."

"म्हंजे?"

"म्हणजे नक्की सांगता येत नाही."

"येतंय की." तिने सूप उचललं आणि निवडलेली डाळ पुन्हा डब्यात ओतली. "सोमवारी त्या दोघांनाबी बोलाव. मी यीन."

"तू कशाला? मी सांगते, माय. लोक काय म्हणतील? चाळीस वर्षांचं नाव आहे तुझं."

"त्या बापाचं नाव न्हाई व्हय?" माय म्हणाली, आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. मीही नाही.

सोमवारी माय इस्त्रीचं लुगडं नेसून आली. मी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. शिवराज नेहमीप्रमाणे दाराजवळ, मेघना माझ्यासमोर पोटावर हात ठेवून. रावी बाहेर खेळण्यांच्या खोलीत होती. काचेतून तिचा लाल फ्रॉक आणि मनगटावरची, नाडी बिघडली की वाजणारी पट्टी दिसत होती.

मी खरा अहवाल टेबलावर ठेवला, पण बोलले ती मायच.

"पोरी," ती मेघनाला म्हणाली, "तुज्या लेकीला डाळ बाधती ती माज्या हातानं. तिची कातडी फुटली व्हती आन् मी त्यावर डाळीचं पीठ चोळलं. दोन म्हयने. यंत्रात निघालंय. मालकांच्या धुळीचा काय संबंध न्हाई. मला कळत नव्हतं, पर केलं मीच. तुला काय बोलायचं ते बोल."

मेघनाने अहवाल वाचला. तिला वाचायला वेळ लागला. "मी शेजारच्या खोलीत पडलेली असायचे," ती हळू म्हणाली. "ती ओरडायची. मी उठले की आई म्हणायची, रडू दे, रडल्यानं छाती भरते. मी पुन्हा आडवी व्हायचे." मग तिने मायकडे न बघता माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, याच्यावर तारीख गुरुवारची आहे. आम्हाला दिलेल्या कागदावर अनिश्चित होतं."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो. माहीत होतं." लपवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. "ती माझी आई आहे."

"आणि हे रावीचे वडील आहेत," मेघना म्हणाली.

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही, आणि ते बरोबरच होतं.

शिवराजना आमचं हे काहीच ऐकू गेलेलं नसावं. ते भिंतीला टेकून उभे होते. "म्हंजे," ते म्हणाले, "मी न्हाई?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही नाही. तिला हरभऱ्याची ॲलर्जी आहे हे खरं, म्हणून मिलमधून आल्यावर अंघोळ करा, कपडे बदला. तेवढं पुरे. लांब राहायची गरज नव्हती. कधीच नव्हती. मीच घाईत बोलले होते."

ते बाहेर गेले. काचेतून आम्हाला दिसत होतं. खेळण्यांच्या खोलीच्या दारात ते उभे राहिले आणि आपला सदरा झटकू लागले, कॉलर, बाह्या, खिसे. रावीने मान वर करून पाहिलं. वार रविवार नव्हता, त्यामुळे ती गोंधळलेली दिसली. शिवराज पुन्हा सदरा झटकायला लागले. शेवटी मायला राहवेना. तिने दार उघडून हाक मारली, "झटकूलालाव काय नुसतं? उचला की तिला!"

त्यांनी उचललं. काच असल्यामुळे आवाज आला नाही. मेघना रडत रडत उठली आणि मायशी एक शब्दही न बोलता त्यांच्याकडे गेली.

माय माझ्या टेबलाशी तशीच उभी होती. "बरं झालं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाळंतपणाला आता मला बोलवायची न्हाई ती."

पुढचे दिवस वाईट गेले. बातमी कुणी फोडली कोण जाणे, पण आठवड्यात सगळ्या मोबाइलांवर फिरली: कौसाबाईच्या हातानं लेकरं बिघडली. तीन घरांनी ठरलेलं काम रद्द केलं. एका आजोबांनी फाटकाशी येऊन मायला नको ते ऐकवलं. ती पदर डोक्यावर घेऊन ऐकत राहिली. गावातल्या दुसऱ्या न्हाऊ घालणाऱ्या बायांकडे ती स्वतः चालत गेली आणि पीठ बंद करा म्हणून सांगून आली, त्या हसल्या. "लेक डाक्टर झाली, आन् कौसाबाई शानी झाली."

त्यानंतर चौथ्या दिवशी तिने मला हाक मारली. "कागद घे. लिव."

"काय?"

"नावं." ती डोळे मिटून बसली. "बनसोड्याचा धाकटा. मानंवर चट्टे. त्याला लई चोळलं मी. मुंड्यांची जुळी, त्यातली फकस्त थोरली. धाकटीची कातडी चांगली व्हती. गंजगोलाईतल्या सोनाराची नात, कानामागं फुटलं व्हतं..."

ती दोन दिवस सांगत होती. मागच्या बारा वर्षांतली सत्तावन्न नावं निघाली. ज्या लेकरांची कातडी फुटलेली होती ती, आणि तेवढीच. नाव आठवलं नाही तर गुडघा आठवायचा, पाठीवरचा तीळ आठवायचा, मग त्यावरून घर. मी एकेकाला फोन केला. काहींनी फोन आपटला. पण चाळीसवर आले, आणि चित्रगुप्ताने त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांसमोर तोच शब्द छापला: त्वचा. मालिशच्या तेलातून काहींना शेंगदाणा, काहींना तीळ, बहुतेकांना हरभरा. बऱ्याच जणांना अजून काही त्रास झालेला नव्हता. उद्या एखाद्या येळवसेला झाला असता. यंत्राला तिने न्हाऊ घातलेल्या सगळ्याच लेकरांचं रक्त लागलं असतं, मायला नुसती आठवण पुरली.

रावीचे उपचार आम्ही सुरू केले. हरभऱ्याच्या पिठाचा डोळ्यांना दिसणार नाही इतका कण, तोंडावाटे. मग तासभर नजरेसमोर बसवायचं. दर पंधरवड्याला मात्रा थोडी वाढवायची. चोराला पुन्हा समोरच्या दारातून, हळूहळू, पाहुणा म्हणून आत आणायचं. मायला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ही तर गुटीच की. सहाणंवर आज येक येढा, उद्या दोन."

"गुटीच," मी म्हटलं. "फक्त शेजारी इंजेक्शन भरून ठेवायचं, आणि घरी कुणी आपल्या मनानं करायचं नाही."

"मी कशाला करती आता?" ती म्हणाली. तिचा पाट तिने न्हाणीतून काढून माळ्यावर टाकला होता. सकाळी सहाला उठायची सवय मात्र जाईना. उठायची, लुगडं खोचायची आणि ओसरीवर मांडीवर हात ठेवून बसायची. ते हात तसे रिकामे बघायची मला सवय नव्हती. मी घाईघाईने तिच्यासमोरून निघून जायचे.

मेघनाला मुलगा झाला. बातमी दवाखान्यातून कळली. मी मायला सांगितलं. "किती किलो?" एवढंच विचारलं तिने. "कातडी कशी हाय?" हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं, ते मला दिसलं.

बाराव्या दिवशी सकाळी सव्वासातला फाटकाशी गाडी थांबली. मी दात घासत होते. शिवराज उतरले, केस ओले, अंगावर धुतलेला सदरा. त्यांच्या कडेवर रावी होती आणि तिने बापाचा कान घट्ट धरलेला होता.

"मावशी," ते फाटकातूनच म्हणाले, "चला."

माय उभी राहिली. "कुठं?"

"घरी. बाळाला न्हाऊ घालायला दुसऱ्या दोघी बघितल्या, पर दोघींनीबी पिठाची वाटी मागितली. मेघनानं परत पाठवलं त्यांना." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मेघनाचं अक्षर होतं. नमस्कार वगैरे काही नव्हतं. एकच ओळ होती: पीठ नको, हात पाठवा.

मी ती मोठ्याने वाचली. माय आत गेली. मोरीत पाणी वाजू लागलं, आणि बराच वेळ वाजत राहिलं. रावी गाडीकडे बोट दाखवून बापाला काहीतरी सांगत होती. ती त्यांना पप्पा म्हणत होती. रविवार तिच्या बोलण्यातून गेला होता.

माय बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत हात धुऊन आली होती. घासून घासून ते लाल झाले होते. ती थेट फाटकाकडे जाईल असं मला वाटलं. पण ती माझ्यासमोर थांबली आणि दोन्ही हात पुढे केले. आधी उताणे. मग पालथे.

"बग," ती म्हणाली. "कुठं लागलंय का?"

मी तिचे हात हातात घेतले. नखं पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. मला दिसत काहीच नव्हतं, डोळे भरले होते. पण पाहिलं, नीट पाहिलं, ती जसे माझे पाहायची तसे.

"नाही, माय," मी म्हटलं. "स्वच्छ आहेत. जा."